सौदी–पाकिस्तान करारानंतर आखातातील मैत्रीचा अर्थ कसा लावावा?

प्रभादेवीकर (24 नोव्हेंबर 2025)

नमस्कार. 17 सप्टेंबर रोजी रियाधमध्ये सौदी अरेबियाचे युवराज मोहम्मद बिन सलमान आणि पाकिस्तानचे पंतप्रधान शाहबाज शरीफ यांनी परस्पर संरक्षणाच्या करारावर सह्या केल्या. एका देशावरील आक्रमण हे दोघांवरील आक्रमण मानले जाईल, असे त्यानंतर जाहीर झाले. माझा धाकटा भाऊ जुबैलच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल अभियंता आहे आणि त्याची बायको-मुलेही तिकडेच आहेत, त्यामुळे आमच्या घरी ही बातमी वाचून बाजूला ठेवण्यासारखी नाही. आईचा प्रश्न सरळ आहे. उद्या भारत आणि पाकिस्तान यांची पुन्हा जुंपली, तर सौदी सरकार तिथल्या भारतीयांकडे कोणत्या नजरेने पाहील?

माझ्या मनातला प्रश्न याहून जरा विस्तृत आहे. यंदा एप्रिलमध्ये आपले पंतप्रधान जेद्दाला गेले होते आणि पहलगामच्या हल्ल्यामुळे दौरा अर्धवट सोडून परतले. मे महिन्यात संघर्ष पेटलेला असताना सौदीचे परराष्ट्र राज्यमंत्री आदेल अल-जुबैर दिल्लीला येऊन गेले. सप्टेंबरात हा करार झाला आणि गेल्याच आठवड्यात मोहम्मद बिन सलमान व्हाइट हाउसमध्ये असताना अमेरिकेने सौदीला नाटोबाहेरील प्रमुख मित्रदेशाचा दर्जा दिला. ज्या इराणशी सौदीचे हाडवैर असल्याचे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो, त्याच्याशीही 2023 पासून राजनैतिक संबंध पूर्ववत झाले आहेत. वाहिन्यांवर कोण कोणाच्या गोटात आहे एवढेच सांगतात आणि दर पंधरा दिवसांनी गोट बदललेले असतात. या साऱ्यामागे काही सूत्र आहे का, याविषयी जाणकारांनी आणि आखातात राहिलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

माटुंग्याचा_प्राध्यापक

मी महाविद्यालयात पश्चिम आशियाचे राजकारण शिकवतो आणि गेले दोन महिने विद्यार्थी हाच प्रश्न विचारत आहेत. या कराराचा विचार पाकिस्तानपासून सुरू केला तर त्याचे कोडे होते, अबकैकपासून सुरू केला तर बराचसा उलगडा होतो.

14 सप्टेंबर 2019 रोजी सौदीतील अबकैकचा तेलप्रक्रिया प्रकल्प आणि खुरैसचे तेलक्षेत्र यांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला. दिवसाला सुमारे 57 लाख पिंपे, म्हणजे जगाच्या पुरवठ्याच्या साधारण 5 टक्के, तेलाचे उत्पादन एका पहाटेत थांबले. येमेनमधील हूथी बंडखोरांनी जबाबदारी घेतली, तर वॉशिंग्टन आणि रियाध या दोघांनीही इराणकडे बोट दाखवले. मात्र 1945 मध्ये रूझवेल्ट आणि राजे अब्दुलअझीझ यांची युद्धनौकेवर भेट झाल्यापासून ज्या अमेरिकेच्या भरवशावर सौदी राजघराणे निर्धास्त होते, तिने लष्करी उत्तर दिले नाही. पुढे 17 जानेवारी 2022 रोजी हूथींनी अबू धाबीवर हल्ला केला, त्यात दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हाही आखाती राज्यकर्त्यांना आपण एकटे पडल्याची भावना झाली. मार्च 2015 पासून येमेनवर बॉम्बफेक करूनही हूथी राजधानी साना शहरातून हटत नव्हते आणि मोठा मित्र वेळेला धावून येत नव्हता, अशा कात्रीत सापडलेल्या रियाधने एप्रिल 2022 मध्ये येमेनमध्ये युद्धविराम स्वीकारला आणि 10 मार्च 2023 रोजी चीनच्या मध्यस्थीने बीजिंगमध्ये इराणशी समेट केला. इराणवरचे प्रेम उतू गेले म्हणून हे घडलेले नाही. आपल्या तेलक्षेत्रांवर पुन्हा आग बरसू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

यंदाच्या उन्हाळ्याने ही भीती दुणावली. जूनमध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस युद्ध झाले, अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि त्याचे उत्तर म्हणून 23 जून रोजी इराणने कतारमधील अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली. 9 सप्टेंबर रोजी इस्रायलने दोहामध्ये हमासच्या नेत्यांवर हवाई हल्ला केला. एकाच वर्षात, अडीच महिन्यांच्या अंतराने, कतारसारख्या चिमुकल्या देशावर परस्परांचे कट्टर शत्रू असलेल्या दोन्ही राष्ट्रांनी हल्ला केला, आणि तोही या भागातील अमेरिकेचा सर्वांत मोठा लष्करी तळ त्याच देशात असताना. त्यानंतर आठच दिवसांनी रियाधमध्ये सह्या झाल्या. बोलणी आधीपासून चालू होती, तेव्हा केवळ दोहामुळे करार झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल, परंतु मुहूर्त दोहाने काढून दिला, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता पाकिस्तानची बाजू. त्याचे सैनिक आणि प्रशिक्षक 1960 च्या दशकापासून सौदीत आहेत आणि 1980 च्या दशकात तर त्यांची संख्या हजारांत होती, म्हणजे संबंध नवे नाहीत, त्यांना लेखी रूप तेवढे नव्याने मिळाले. शिवाय एप्रिल 2015 मध्ये सौदीने येमेनच्या युद्धासाठी सैन्य मागितले तेव्हा पाकिस्तानच्या संसदेने एकमताने तटस्थ राहण्याचा ठराव केला होता, ही गोष्ट रियाध विसरलेले नसणार. उलट बाजूचा पुरावाही ताजा आहे. गेल्याच महिन्यात पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात सीमेवर मोठ्या चकमकी झाल्या. करार महिन्याभराचा असूनही सौदी अरेबियाने दोन्ही बाजूंना संयमाचे आवाहन केले, आणि दोहात झालेला युद्धविराम कतार आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने झाला. करारातील शब्दांपेक्षा मला ही वागणूक अधिक बोलकी वाटते.

तुम्ही सूत्र विचारले आहे. माझ्या मते या प्रदेशातील कोणतीही राजधानी आता जुना मित्र सोडून नवा मित्र धरत नाही. ती जुन्याला कायम ठेवून शेजारी दुसरा उभा करते, आणि दुसऱ्याकडे पाहून पहिल्याने आपली किंमत वाढवावी अशी तिची अपेक्षा असते. सौदीने सप्टेंबरमध्ये इस्लामाबादशी करार केला आणि नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनकडून दर्जाही मिळवला, या दोन्ही घटना एकाच हिशेबातल्या आहेत.

दर्यावर्दी_माझगाव

प्राध्यापकांनी जमिनीवरचे लिहिले, मी समुद्रावरचे लिहितो. मी मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो आणि माझी शेवटची नोकरी तांबड्या समुद्रातील संकटाच्या काळातच होती.

गाझातील युद्धामुळे इस्रायलशी संबंधित जहाजांवर उठलेल्या हूथींनी 19 नोव्हेंबर 2023 रोजी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतले आणि त्यावरील 25 खलाशांना जानेवारी 2025 पर्यंत अडकवून ठेवले. त्यानंतर तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-एल-मंदेबची सामुद्रधुनी पार करणे म्हणजे काय असते, हे आमच्या घरच्यांनाही नीट सांगता येत नसे. सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी जेमतेम 30 किलोमीटर रुंद आहे. रात्री डेकवरचे दिवे मालवलेले, कठड्यांना काटेरी तारेची वेटोळी बांधलेली, ज्यांची पाळी नाही ते सगळे खालच्या सुरक्षित खोलीत एकत्र बसलेले आणि इंजिन शक्य तितक्या वेगाने चालवलेले, अशा अवस्थेत आम्ही तो पट्टा ओलांडला. जहाजाची ओळख प्रसारित करणाऱ्या यंत्रणेत जिथे पुढच्या बंदराचे नाव लिहायचे असते, तिथे अनेक जहाजे 'इस्रायलशी संबंध नाही' किंवा 'सर्व खलाशी चिनी' असे लिहून जात होती. कोणत्या देशाचा झेंडा आहे यापेक्षा आपण कोणाचे नाही हे सांगण्यात सुरक्षितता वाटावी, इतकी त्या पाण्यातली गणिते बदललेली होती.

आणि मैत्रीची खरी परीक्षा तिथेच पाहायला मिळाली. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने जहाजांच्या संरक्षणासाठी नौदलांची आघाडी जाहीर केली तेव्हा अरब देशांपैकी एकट्या बहारीनने उघडपणे नाव दिले. सौदीला इराणशी झालेला समेट आणि येमेनमधील शांतता मोडायची नव्हती. इजिप्तचे तर सर्वाधिक नुकसान होत होते. सुएझ कालव्याचे 2023 मधील 10 अब्ज डॉलरहून अधिक असलेले उत्पन्न 2024 मध्ये सुमारे 4 अब्जांवर आले, तरीही गाझाच्या प्रश्नावर लोकभावना इतकी तीव्र होती की कैरोने हूथींविरुद्ध हत्यार उचलले नाही.

आपल्या नौदलाने मात्र कोणत्याही आघाडीत न जाता स्वतःच्या युद्धनौका त्या भागात ठेवल्या, आणि ते योग्यच झाले असे मी ठामपणे म्हणेन. जानेवारी 2024 मध्ये मार्लिन लुआंडा या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली, त्यावर 22 भारतीय होते, आणि आयएनएस विशाखापट्टणमची माणसे ती आग विझवायला गेली. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्सवर हल्ला होऊन तीन खलाशी गेले, उरलेल्यांना आयएनएस कोलकाताने उचलले. त्याच युद्धनौकेने रुएन या जहाजावरील 35 सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले आणि मुंबई पोलिसांच्या हवाली केले. 1839 मध्ये इंग्रजांनी एडन घेतले ते मुंबईहून गेलेल्या फौजेने, आणि 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता. त्या समुद्राशी आपल्या शहराचा संबंध जुना आहे, तेव्हा तिथे काय चालले आहे याची मुंबईकराने माहिती ठेवलीच पाहिजे.

वाशी_निर्यात

वरील प्रतिसादात एक भर घालतो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांचा फटका नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला थेट बसला. न्हावा-शेवा बंदरातून रॉटरडॅमला जाणारे वातानुकूलित कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि ऐन हंगामात भाडे कितीतरी पटींनी वाढले. सुएझ मार्गाने जाणाऱ्या जहाजांचा युद्धजोखीम विमाही 2024 मध्ये जहाजाच्या किमतीच्या 1 टक्क्याच्या आसपास पोहोचला होता. पोचल्यावर फळाचे देठ सुकलेले निघाले की दर पाडला जातो, आणि तो तोटा निर्यातदार आणि शेतकरी यांच्यातच वाटला जातो. ऑक्टोबरमध्ये गाझात युद्धविराम झाल्यापासून जहाजांवरील हल्ले थांबले आहेत, तरीही मोठ्या कंपन्या अजून सुएझकडे पूर्णपणे वळलेल्या नाहीत. नव्या हंगामाचे दर ठरवताना आम्ही लांबचाच मार्ग गृहीत धरला आहे.

ठाणेकर_72

प्राध्यापक महोदयांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्ष मला सौम्य वाटतो. करारात सर्व लष्करी साधनांचा समावेश असल्याचे एका सौदी अधिकाऱ्याने सांगितले होते. पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी अण्वस्त्रांविषयी आधी एक आणि नंतर दुसरे विधान केले, आणि ही संदिग्धता त्यांना हवीच आहे. सौदी सैन्य पाकिस्तानच्या बाजूने लढायला येणार नाही हे मलाही मान्य आहे. पण सौदीचा पैसा येईल, उधारीवर तेल येईल, त्यामुळे वाचलेल्या परकीय चलनातून चिनी विमाने आणि क्षेपणास्त्रे विकत घेतली जातील आणि पुढच्या पहलगामनंतर उत्तर देताना दिल्लीला रियाधच्या नाराजीचाही विचार करावा लागेल. मित्रराष्ट्राने अशी अडचण निर्माण केली तर ती स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली पाहिजे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने परिणामांचा अभ्यास करू एवढेच म्हटले, ते मला अपुरे वाटले.

प्रभादेवीकर

सर्वांचे आभार. ठाणेकरांचा मुद्दा माझ्याही मनात होता. प्राध्यापकांना विचारतो, भारताच्या हातात नेमके काय आहे? आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर कोणी देईल का?

माटुंग्याचा_प्राध्यापक

ठाणेकरांशी मी अर्धा सहमत आहे. धोका सौदीच्या इच्छेत नसून पाकिस्तानी लष्कराच्या वाढलेल्या धाडसात आहे, आणि तो खरा आहे. जाहीर नाराजी व्यक्त करण्याने मात्र काय साधेल, हे मला दिसत नाही, कारण रियाधला दिल्लीची गरज आहे हे दिल्लीने न बोलताही तिकडे ठाऊक आहे. 2024-25 मध्ये दोन्ही देशांचा व्यापार सुमारे 42 अब्ज डॉलरचा होता. आपण रशियाकडून एवढे तेल घेऊ लागलो तरी सौदी अजून आपल्या प्रमुख पुरवठादारांत आहे आणि वाढत्या बाजारपेठांत भारताइतका मोठा ग्राहक त्याला सहज मिळणार नाही. इथे मला नाणार आणि बारसू आठवतात. पश्चिम किनाऱ्यावरील 6 कोटी टन क्षमतेच्या त्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात सौदीची अरामको आणि अबू धाबीची अॅडनॉक यांचा मिळून निम्मा वाटा ठरला होता. कोकणातील लोकांचे जमीन, आंबा आणि मासेमारीविषयीचे आक्षेप मी रास्त मानतो, पण अशी गुंतवणूक उभी राहिली असती तर सौदीचे हितसंबंध आपल्या किनाऱ्याशी अधिक घट्ट बांधले गेले असते, ही दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दुसरी योग्य जागा शोधून, लोकांना विश्वासात घेऊन ही बोलणी पुन्हा सुरू व्हावीत, असे मला मनापासून वाटते.

दुसरे म्हणजे, सौदीप्रमाणे आपणही एकाच वेळी अनेक मित्र राखत आहोत. इराणमधील चाबहार बंदरासाठी मे 2024 मध्ये आपण दहा वर्षांचा करार केला. अमेरिकेने निर्बंधांतील सूट सप्टेंबरअखेर काढून घेतली आणि पुन्हा सहा महिन्यांसाठी दिली, तेव्हा त्या बंदराचे भवितव्य वॉशिंग्टनशी चाललेल्या बोलण्यांवर टांगलेले आहे. इस्रायलकडून आपण शस्त्रास्त्रे घेतो, संयुक्त अरब अमिरातीशी 2022 पासून मुक्त व्यापाराचा करार आहे, कतारकडून 2048 पर्यंत वायू घेण्याचे ठरले आहे, आणि गेल्या महिन्यात तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले तेव्हा काबूलमधील आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्यात आला. तुर्कस्तानने मे महिन्यात पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मुंबई विमानतळावर जमिनीवरील सेवा पुरवणाऱ्या चेलेबी कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द झाली, हे आपण पाहिलेच. तोच तुर्कस्तान सौदी पत्रकार खशोगी यांच्या 2018 मधील हत्येनंतर सौदीचा कडवा टीकाकार होता आणि 2022 मध्ये दोघांचे मनोमीलन झाले.

गोट या कल्पनेवर विसंबू नये याचे आणखी एक कारण सांगतो. सौदी आणि अमिराती हे एकाच गोटातले म्हणून ओळखले जातात. येमेनमध्ये अमिरातीने दक्षिणेतील फुटीरतावाद्यांना बळ दिले, तर सौदीने एकसंध येमेनच्या सरकारला. सुदानमधील यादवीत सौदीचा कल लष्कराकडे आहे, आणि अमिरातीवर लष्कराविरुद्ध लढणाऱ्या निमलष्करी दलाला मदत केल्याचे आरोप आहेत, जे ती नाकारते. त्या निमलष्करी दलाने गेल्या महिन्यात एल फाशेर शहर घेतले आणि तिथल्या सामान्य माणसांच्या हत्यांच्या बातम्या वाचून झोप उडावी अशी स्थिती आहे. दोन श्रीमंत मित्रांच्या स्पर्धेची किंमत तिसऱ्याच देशातील गरीब माणसे मोजत आहेत, आणि आपल्याकडे त्याची चर्चाही होत नाही, याचे मला दुःख होते. म्हणून भारताने अमिराती आणि सौदी यांच्याशी स्वतंत्रपणे, प्रत्येक प्रश्नावर वेगळा हिशेब मांडून बोलावे. करार रद्द करण्याचा आग्रह धरण्यापेक्षा, सौदीचा निधी पाकिस्तानच्या शस्त्रखरेदीकडे वळणार नाही याची खासगीत हमी मागणे अधिक उपयोगाचे ठरेल.

मुंब्रा_ते_दमाम

आईंच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे तारुण्य दमाम-खोबरमध्ये गेले. माझे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि आमच्या मोहल्ल्यात आखात न पाहिलेले घर शोधावे लागेल.

सौदीत सुमारे 26 लाख भारतीय आहेत. त्यांच्यावाचून तिथली बांधकामे, रुग्णालये आणि कारखाने चालणार नाहीत, आणि भारत-पाकिस्तान यांच्यातील तणावात दोन्ही देशांची माणसे तिथे एकाच पाळीत काम करत राहिलेली मी पाहिली आहेत. तिथले सरकार परक्या देशांचे भांडण आपल्या रस्त्यावर येऊ देत नाही. सभा, घोषणा, समाजमाध्यमांवरील प्रक्षोभक मजकूर यांबाबत कायदा फार कडक आहे, तेव्हा भावाला मोबाइलवरून काहीही पुढे पाठवू नकोस, एवढे मात्र जरूर सांगा.

माझ्या मते भीती बाळगायची तर ती वेगळ्या गोष्टीची. जुबैल इराणसमोरच्या किनाऱ्यावर आहे. 1991 च्या फेब्रुवारीत इराकचे स्कड क्षेपणास्त्र आमच्या शेजारी धहरानजवळ अमेरिकी सैनिकांच्या निवाऱ्यावर पडले आणि 28 सैनिक ठार झाले, तेव्हा मी खोबरमध्ये होतो. खिडक्यांच्या काचांना आम्ही चिकटपट्ट्या लावल्या होत्या आणि दाराशी पिशवी भरून ठेवली होती, पण पिशवीत पासपोर्ट नव्हता, कारण त्या काळी तो कफीलच्या, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाच्या, कपाटात असे. आता परिस्थिती खूपच सुधारली आहे. 2021 पासून बऱ्याच कामगारांना मालकाच्या संमतीशिवाय अबशिर या सरकारी ॲपवरून देशाबाहेर जाण्याचा आणि परतण्याचा व्हिसा काढता येतो.

म्हणून भावाला सांगा की चौघांचे असोत वा पाच जणांचे, सगळ्यांचे पासपोर्ट घरातच ठेवावेत, इकामा (तिथला निवास परवाना) संपायच्या आत नूतनीकरण करून घ्यावा, जाण्या-येण्याचा व्हिसा वैध ठेवावा आणि रियाधच्या दूतावासाकडे कुटुंबाची नोंदणी करावी. एप्रिल 2015 मध्ये येमेनमधून साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना सरकारने बाहेर काढले, त्यात आयएनएस मुंबईही होती. यंदाच्या जूनमध्ये इराण आणि इस्रायलमधूनही हजारो लोकांना आणले. दूतावासाकडे नाव आणि चालू फोन क्रमांक असला की आपल्यापर्यंत पोहोचणे त्यांना सोपे जाते. खोबरला बहारीनशी जोडणारा पूल जुबैलहून मोटारीने जवळ आहे, तेव्हा विमानतळ बंद पडला तर तोही एक मार्ग आहे. मात्र बहारीनच्या प्रवेशाचे नियम आपल्या इकाम्यावरील व्यवसायानुसार बदलतात, ते त्याने आत्ताच विचारून घ्यावेत.